सँडर्सचे २,६२८ खरे की २,८५०?

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये बॉयझी स्टेट विद्यापीठाच्या ॲश्टन जेंटीने २०२४ च्या मोसमात पळून २,६०१ यार्ड काढले. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सचा १९८८ चा विक्रम २,६२८ चा. म्हणजे फक्त २७ यार्ड कमी पडले. मग जेंटी सँडर्सच्या तोडीचा झालाच ना? आणि काही ठिकाणी सँडर्सच्या नावापुढे २,८५० का लिहिलेलं असतं? कॉलेज फुटबॉलमधल्या रनिंग बॅकची कामगिरी नक्की मोजायची कशी?"

प्रश्न तीन असले तरी गाठ एकच आहे. २,६२८ आणि २,६०१ ही एकाच तागडीत केलेली वजनं आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. पहिलं ११ सामन्यांचं आहे, दुसरं १४ सामन्यांचं. वजाबाकी तुमची बरोबर आहे, २७ च येतात. पण ती वजाबाकी करायचीच नव्हती.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवाल. मी मूळचा साताऱ्याचा. सँडर्स पळत होता तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ, एवढंच मला माहीत होतं. पुढे नोकरीपायी टेक्सासला आलो. मुलगा हायस्कूलच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायला लागला. इथे शाळेचा बँड म्हणजे दर शुक्रवारी रात्री फुटबॉलचं मैदान, आणि पालकांनी काही ना काही काम अंगावर घ्यायचंच. "तू इंडियन आहेस, गणित येत असणार" असं म्हणून मला प्रेस बॉक्समध्ये आकडे लिहायला बसवलं. मुलगा शिकला, नोकरीला लागला, ट्रॉम्बोन माळ्यावर गेला. मी अजून शुक्रवारी तिथेच बसतो. सोळा-सतरा मोसम झाले. खेळाडू म्हणून मला या खेळातलं काही कळत नाही. यार्ड कसा लिहिला जातो, ते मात्र कळतं.

खेळ नवा असेल त्यांच्यासाठी दोन वाक्यं. शंभर यार्डांचं मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. प्रयत्न दोन प्रकारचे: क्वार्टरबॅकने चेंडू फेकायचा, नाहीतर मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या पोटात चेंडू द्यायचा आणि त्याने समोरच्या माणसांच्या भिंतीत फट शोधून पळायचं. कबड्डीत चढाई करणारा एकटा सातजणांत शिरतो ना, तसंच. फरक इतकाच की याच्या पुढे स्वतःचे पाच धिप्पाड गडी वाट मोकळी करायला असतात, आणि परत यायचं नसतं. चार प्रयत्नांत दहा म्हणजे एका प्रयत्नाला अडीच यार्ड पुरतात. चांगला रनिंग बॅक सरासरी पाच काढतो. सँडर्सने १९८८ मध्ये ३४४ वेळा चेंडू घेतला आणि दर वेळी सरासरी ७.६ यार्ड काढले. हा आकडा डोक्यात असू द्या.

आता यार्ड लिहितात कसा ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रेस बॉक्समध्ये आम्ही तिघं. एकजण दुर्बिणीतून बघत बोलतो: "बावीस नंबर, छत्तीसवरून एक्केचाळीस, पाडला चोपन्नने." दुसरा लॅपटॉपवर टाकतो. मी पेन्सिलीने कागदावर लिहितो, कारण नोव्हेंबरच्या गारठ्यात लॅपटॉप कधी मान टाकेल नेम नाही. चेंडू कुठून निघाला, कुठे थांबला, वजाबाकी. अपूर्णांक चालत नाही. साडेतीन यार्ड नावाची गोष्ट आमच्या वहीत नसते, तीन नाहीतर चार. त्यातही गंमत आहे. समजा, शेवटच्या प्रयत्नात एक यार्ड हवा आहे. पोरगा मुसंडी मारून अर्धा-पाऊण यार्ड जातो आणि वीतभर कमी पडतो. पंच साखळी आणून मोजतात, नाही पुरलं. मग त्याच्या नावावर शून्य. एक लिहिला तर एक यार्ड मिळूनही प्रयत्न का फसला, असा प्रश्न येईल, म्हणून शून्य. अख्खा संघ अंगावर घेऊन पोरगा पाऊण यार्ड गेला हे आम्ही तिघांनीही डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

किंवा पोरगा साठ यार्ड पळाला, स्टेडियम उभं राहिलं, आणि पंचांचा पिवळा रुमाल पडला, म्हणजे नियमभंग. त्याच्याच सहकाऱ्याने वीस यार्डांवर कुणाला तरी हाताने धरून ठेवलं होतं. मग त्याच्या खात्यात वीसच. आणि ती धरपकड चेंडू निघाला त्या रेषेच्या मागे झाली असेल आणि समोरच्याने शिक्षा घेतली, तर ती धाव झालीच नाही.

एकदा आमचा एक रनिंग बॅक मोसमाच्या शेवटी ९९८ वर थांबला. हजाराला दोन कमी. कोच सोमवारी फोन करून म्हणाला, "फिल्म पुन्हा बघ ना, कुठेतरी दोन यार्ड सांडले असतील." मी शनिवार-रविवार बसून दहाही सामन्यांची फिल्म पाहिली. एक धाव मी सहाची लिहिली होती, ती पाचची निघाली. पोरगा ९९७ वर आला. कोच पुढचे दोन महिने माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता.

हे सगळं सांगतोय ते अशासाठी की चौदा सामन्यांच्या मोसमात २७ यार्डांचा फरक ही प्रेस बॉक्सची चूकभूल असू शकते. तेवढ्या फरकावरून कुणी थोर, कुणी कमी असं ठरवू नये. फरक पाहायचाच तर मोठा पाहावा, आणि तो इथे आहे.

२,८५० कुठून आले ते आधी. कॉलेजच्या मोसमाच्या शेवटी, नाताळ-नववर्षाच्या सुमारास, बोल गेम होतात. निवडक संघांना आमंत्रण असतं. कॉलेज क्रीडांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएच्या हिशोबात २००१ पर्यंत बोल सामन्यातली कामगिरी मोसमाच्या आकड्यांत धरतच नसत. ती मानाची वेगळी लढत मानली जायची, आपल्याकडे जत्रेतली शेवटची निकाली कुस्ती असते तशी. २००२ पासून ते आकडे धरायला लागले. पण नियम पुढच्यांना लागू झाला, मागच्यांची बेरीज कुणी दुरुस्त केली नाही. सँडर्स ३० डिसेंबर १९८८ ला सॅन दिएगोत वायोमिंगविरुद्ध हॉलिडे बोल खेळला. ओक्लाहोमा स्टेट ६२-१४ ने जिंकलं. सँडर्सने २२२ यार्ड काढले, पाच टचडाउन केले (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेला), आणि चौथा क्वार्टर बाकावर बसून काढला. २,६२८ मध्ये हे २२२ मिळवले की २,८५० होतात. अधिकृत बेरजेत ते नाहीत. जेंटीच्या २,६०१ मध्ये मात्र फिएस्टा बोलचे १०४ धरलेले आहेत.

या नियमाने फक्त सँडर्सवर अन्याय झाला असं नाही. खरा दणका बसला तो विस्कॉन्सिनच्या रॉन डेनला. १९९६ ते ९९ या चार मोसमांत त्याच्या नावावर ६,३९७ यार्ड लागले, संपूर्ण कारकिर्दीचा विक्रम. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सॅन दिएगो स्टेटचा डॉनेल पम्फ्री आपल्या शेवटच्या सामन्यात ६,४०५ वर पोचला. तो सामना लास व्हेगास बोल होता, म्हणजे ज्या सामन्यात त्याने डेनला मागे टाकलं, तसा सामना डेनच्या हिशोबात धरलाच जात नव्हता. डेनने चार बोल सामन्यांत ७२८ यार्ड काढले होते. ते मिळवा, ७,१२५ होतात. विस्कॉन्सिनचे लोक अजून हाच आकडा सांगतात, आणि माझं मत विचाराल तर ते बरोबर आहेत. अधिकृत यादीत पम्फ्री वर आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. हिशोबनीस म्हणून मला यात काही अडचण वाटत नाही. अडचण होते ती नियमाचं वर्ष न सांगता नुसता आकडा फेकणाऱ्यांची.

आता सँडर्सचा मोसम सामन्यागणिक मांडतो. मयामी ऑफ ओहायोविरुद्ध १७८, टेक्सास ए अँड एमविरुद्ध १५७, टल्सा ३०४, कोलोराडो १७४, नेब्रास्का १८९, मिसुरी १५४, कॅन्सस स्टेट ३२०, ओक्लाहोमा २१५, कॅन्सस ३१२, आयोवा स्टेट २९३, टेक्सास टेक ३३२. बेरीज करून बघा, २,६२८. एकाही सामन्यात दीडशेच्या खाली नाही. सर्वांत वाईट दिवस १५४ चा! शंभर यार्ड झाले की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा येतो, तिथे याचा पडता दिवस दीडशेचा. आणि शेवटचे पाच बघा: १,४७२ यार्ड. पाच सामन्यांत. एखाद्या चांगल्या खेळाडूचा अख्खा मोसम एवढ्यात बसतो.

सरासरी काढली तर सँडर्सचे सामन्यामागे २३८.९, जेंटीचे १८५.८. प्रत्येक धावेमागे सँडर्सचे ७.६, जेंटीचे ७. जेंटीने चेंडू घेतला ३७४ वेळा, म्हणजे सँडर्सपेक्षा तीस वेळा जास्त. अजून सरळ तुलना हवी तर दोघांचे पहिले बारा सामने घ्या. जेंटीचे २,२८८. सँडर्सचा बारावा सामना बोलचा धरला तर २,८५०. फरक ५६२ यार्डांचा. तुमचे २७ कुठे आणि हे ५६२ कुठे. क्रिकेटमध्ये धावांची बेरीज आणि सरासरी या दोन गोष्टी आपण जन्मापासून वेगळ्या ओळखतो. इथे मात्र भले भले लोक बेरजेवर भांडतात.

जेंटीच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर हे म्हातारपणीचं "आमच्या वेळी" होईल, आणि मी तर त्या वेळी साताऱ्यात होतो. पहिल्याच सामन्यात जॉर्जिया सदर्नविरुद्ध त्याने २६७ यार्ड आणि सहा टचडाउन केले. बॉयझी स्टेट मोठ्या फरकाने पुढे गेली की त्याला बाहेर बसवायचे, त्यामुळे त्याच्या सरासरीत अर्धेमुर्धे सामनेही आहेत. प्रत्येक प्रतिस्पर्धी फक्त त्याच्यावर डोळा ठेवून उतरत होता. कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटातल्या संघांच्या, अंतिम सामन्यानंतर तो २,४९७ वर होता, विक्रम मोडायला १३२ हवे होते, आणि फिएस्टा बोलमध्ये समोर पेन स्टेटचा संघ होता. तो सामना बॉयझी स्टेट ३१-१४ ने हरली. पिछाडीवर असलेला संघ पळत नाही, फेकतो. पळण्यात वेळ जातो, घड्याळ परवडत नाही. तरी त्याने १०४ काढले. कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीच्या मतदानात तो दुसरा आला, कोलोराडोच्या ट्रॅव्हिस हंटरच्या मागे. माझ्या मते २०१४ मध्ये विस्कॉन्सिनकडून १४ सामन्यांत २,५८७ काढणाऱ्या मेल्विन गॉर्डनच्या पंगतीत जेंटी बसतो, आणि ती पंगत छोटी आहे. सँडर्सचं पान वेगळं मांडलेलं आहे.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून असतं ते. इथे मी ठाम बोलणार नाही, कारण बोलता येत नाही.

पहिलं, पुढची पाच माणसं. रनिंग बॅकचे पहिले तीन यार्ड बहुतेक त्यांचे असतात. ओक्लाहोमा स्टेटची ती फळी दांडगी होती. शिवाय क्वार्टरबॅक होता माइक गंडी, जो पुढे याच विद्यापीठाचा वीस वर्षं मुख्य प्रशिक्षक झाला, आणि चेंडू झेलायला हार्ट ली डाइक्स. या दोघांमुळे समोरच्यांना सगळे गडी सँडर्सच्या वाटेवर उभे करता येत नव्हते. केले तर डोक्यावरून चेंडू जायचा. जेंटीला ही सोय एवढी नव्हती.

दुसरं, स्वतःच्या संघाचा बचाव. हे कुणाच्या लक्षात येत नाही. ओक्लाहोमा स्टेट बदाबदा गुण द्यायची. नेब्रास्काविरुद्ध त्यांनी ४२ गुण केले आणि तरी हरले, ६३-४२ ने. असा संघ निवांत बसू शकत नाही. शेवटपर्यंत गुण काढत राहावं लागतं, आणि मुख्य खेळाडू मैदानातच राहतो. बचाव चांगला असता तर सँडर्सचे यार्ड कदाचित कमी झाले असते. कदाचित. पण उलट ओक्लाहोमाविरुद्ध, जो त्या काळचा दबदब्याचा संघ होता, त्याने २१५ काढले आणि सामना ३१-२८ असा तीन गुणांनी गेला. म्हणजे दुबळ्यांवरच हात साफ केला असंही म्हणता येत नाही.

तिसरं, वाट बघणं. सँडर्स विचिटाचा, कॅन्ससमधला. उंची पाच फूट आठ इंच. हायस्कूलमध्ये शेवटच्या वर्षापर्यंत त्याला रनिंग बॅकची जागाच मिळाली नाही. त्याचा मोठा भाऊ बायरन त्याच जागी खेळायचा. मिळाली तेव्हा उरलेल्या सात सामन्यांत त्याने १,४१७ यार्ड काढले. तरी बुटका म्हणून मोठ्या विद्यापीठांनी फारसं विचारलं नाही. ओक्लाहोमा स्टेटला गेला तर तिथे पुढे थर्मन थॉमस. तोही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, म्हणजे किती मोठा दगड वाटेत होता ते कळेल. पहिल्या वर्षी सँडर्सचे ३२५ यार्ड, दुसऱ्या वर्षी ६०३. दुसऱ्या वर्षी तो मुख्यतः किकऑफ, म्हणजे समोरच्यांनी लाथेने उडवलेला चेंडू, झेलून पळायचा आणि त्या सरासरीत देशात पहिला आला. थॉमस १९८८ मध्ये व्यावसायिक फुटबॉलला गेला आणि जागा रिकामी झाली. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात पहिलाच किकऑफ सँडर्सने झेलला आणि शंभर यार्ड पळवत नेला. अजून रनिंग बॅक म्हणून त्या मोसमातली पहिली धावही झाली नव्हती.

त्यामुळे त्याची कॉलेजमधली एकूण बेरीज फक्त ३,५५६ आहे. डेनच्या जवळपास निम्मी. तुम्ही कारकिर्दीची यादी उघडलीत तर सँडर्स खूप खाली सापडेल, आणि तुम्हाला वाटेल काहीतरी चुकलंय. चुकलेलं नाही. एक मोसम म्हणजे एक मोसम. मी माझ्या पोरांना यादी दाखवताना दोन्ही कागद शेजारी ठेवतो. एकच कागद दाखवला की त्यांना एकच गोष्ट कळते.

फिल्मवर सँडर्सला बघताना हिशोबनिसाचा हात थांबतो. इतरांची धाव मी पळता पळता लिहू शकतो: इथून निघाला, इथे पडला. सँडर्स मध्येच थांबतो. अगदी थांबतो, गर्दीत. मग आडवा सरकतो, खो-खोत पाठलाग करणाऱ्याला हूल द्यावी तसा, खांदा एकीकडे आणि पाय दुसरीकडे. समोरचा माणूस जिथे तो असायला हवा होता तिथे जाऊन पडतो. कधी कधी हा नाद अंगाशीही यायचा आणि मागे जाऊन दोन-तीन यार्ड गमवायचा. पुढे डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक संघाकडे तर असे उणे यार्ड त्याने भरपूर दिले. म्हणून ७.६ ही सरासरी वाचताना दर वेळी सात पळाला असं समजू नका. उणे दोन, एक, तीन, शून्य, आणि मग पंचेचाळीस. माझ्या वहीत अशी पानं ओळखू येतात. इतर पोरांच्या पानावर चार, पाच, चार, तीन असं धान्य मोजल्यासारखं असतं.

मोसमाचा शेवटचा अधिकृत सामना टोकियोत होता, ४ डिसेंबर १९८८, टेक्सास टेकविरुद्ध. मार्कस ॲलनचा १९८१ चा २,३४२ चा विक्रम गाठायला सँडर्सला ४६ यार्ड हवे होते. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये हाइझमनचा निकाल जाहीर झाला. जपानात तेव्हा सकाळ. सामन्याच्या दिवशी टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे जायला तो फारसा खूश नव्हता, समजूत काढून न्यावं लागलं. ट्रॉफी मिळाली, आणि मग मैदानात जाऊन त्याने ३३२ यार्ड काढले. ओक्लाहोमा स्टेट ४५-४२ ने जिंकलं. अकरा सामन्यांत पळून ३७ टचडाउन, किक झेलून केलेले धरून ३९. यातला ३९ चा आकडा २०११ मध्ये विस्कॉन्सिनच्या मॉन्टी बॉलने गाठला, पण १४ सामने घेऊन. सर्व प्रकारचे यार्ड मिळून सँडर्सचे ३,२५० होते. ते २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन मॅकॅफ्रीने मागे टाकले, तेही १४ सामन्यांत. म्हणजे विक्रम काही सगळे टिकले नाहीत. मोडले ते बहुतेक लांबलेल्या मोसमात मोडले, एवढंच म्हणणं आहे.

त्याने कॉलेज एक वर्ष आधी सोडलं. विद्यापीठावर एनसीएएची बंदी आली होती, बोल सामने बंद झाले होते, आणि त्या काळी तिसऱ्या वर्षाच्या मुलाला व्यावसायिक लीग सहसा घेत नसताना त्याच्यासाठी अपवाद केला गेला. १९८९ च्या निवडीत डेट्रॉइटने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं.

तुमच्या प्रश्नात नाही तरी एक सांगून टाकतो, कारण आकड्यांच्या माणसाला ते छळतं. त्याच वर्षी, डेट्रॉइटच्या शेवटच्या सामन्यात, लीगमधल्या सर्वाधिक यार्डांच्या मानाला तो दहा यार्ड कमी होता. सामना जिंकलेला. कोचने विचारलं, पुन्हा जातोस? तो नाही म्हणाला. कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेचे १,४८० झाले, याचे १,४७० राहिले. दहा वर्षांनी, १९९९ च्या जुलैत, ऐन भरात असताना त्याने गावच्या पेपरला फॅक्स पाठवून खेळ सोडला. तेव्हा १५,२६९ यार्ड झाले होते आणि वॉल्टर पेटनचा सर्वकालीन विक्रम फक्त १,४५७ यार्ड दूर होता; त्याच्या गतीने एका मोसमाचं काम. आणि इथे मी एका यार्डासाठी फिल्म मागेपुढे करत बसतो.

तर थोडक्यात: रनिंग बॅक मोजताना मी आधी सामने किती ते बघतो, मग बोल धरलेत का, मग चेंडू किती वेळा दिला. त्यानंतर सर्वांत वाईट सामना कोणता ते शोधतो, कारण उत्तम सामना कुणाचाही असू शकतो. बेरीज सगळ्यात शेवटी. टचडाउनना मी जरा कमी महत्त्व देतो. दुसऱ्या कुणी चेंडू एक यार्डावर आणून ठेवलेला असतो आणि याने फक्त उडी मारायची असते. अर्थात ३७ वेळा असं होत नाही, तेही खरं.

एक खबरदारी. क्वार्टरबॅकचे पळण्याचे आकडे या तराजूत घालू नका. कॉलेजमध्ये क्वार्टरबॅक चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला तर ते गमावलेले यार्ड त्याच्या धावण्यातून वजा करतात. व्यावसायिक लीगमध्ये तसं करत नाहीत. एकाच माणसाचे आकडे लीग बदलली की सुधारल्यासारखे दिसतात, आणि सुधारलेलं काहीच नसतं.

तुम्ही तक्ता करताय असं प्रश्नावरून वाटतं. करत असाल तर सँडर्सपुढे शाईने २,६२८ लिहा, कंसात ११ सामने. जेंटीपुढे २,६०१, कंसात १४. मग सँडर्सच्या चौकटीत वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, लहान अक्षरात, २,८५० टाकून ठेवा. माझ्या वहीत ते तसंच आहे.